चार जीबीचा जुना लॅपटॉप फार संथ झाला आहे: रॅम वाढवावी, एसएसडी बसवावी की विंडोज नव्याने टाकावे?

हिशेबनीस_कराड (२२ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार. मी कराड येथे लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे आणि त्यांची जीएसटी विवरणपत्रे भरण्याचे काम घरूनच करते. माझ्याकडचा लॅपटॉप २०१८ च्या दिवाळीत घेतलेला असून तो त्या वेळच्या सर्वांत स्वस्त गटातला होता. त्यात इंटेलचा आय-थ्री ७०२०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. पहिली तीन-चार वर्षे त्याने कुरकुर न करता काम केले. गेल्या वर्षभरात मात्र तो इतका मंदावला आहे की बटण दाबल्यापासून काम करण्याजोगा पडदा समोर यायला अकरा मिनिटे लागतात, एक्सेलची फाइल उघडायला दीड-दोन मिनिटे जातात, आणि टॅली व क्रोम एकाच वेळी उघडे असतील तर एका खिडकीतून दुसरीत जाताना पडदा पांढरा होऊन थांबतो.

परवा, म्हणजे २० तारखेला, जीएसटीची ३बी ही मासिक विवरणपत्रे भरताना पोर्टलवरचे सत्र दोनदा संपले, कारण मी एक्सेलमधला आकडा पाहून परत येईपर्यंत वेळ उलटून गेलेली असे. त्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत बसून मी शेवटचे विवरणपत्र भरले. हे दर महिन्याला सहन करणे शक्य नाही. लोक माझ्यावर विश्वास ठेवून कागद देतात आणि विलंब झाला तर दंड त्यांना बसतो.

आजवर मी तात्पुरत्या फाइल पुसल्या, संगणक स्वच्छ करून वेग वाढवतो असे सांगणारा एक प्रोग्राम टाकला, आणि एकाच्या जोडीला दुसरा अँटिव्हायरसही बसवला. त्याने काही फरक पडला नाही. गावातील एका दुकानात दाखवले तेव्हा लॅपटॉप न उघडताच नवा घेण्याचा सल्ला मिळाला. मुलीचे अकरावीचे शुल्क नुकतेच भरल्यामुळे माझ्याकडे या कामासाठी जास्तीत जास्त ५,००० रुपये आहेत. त्यात रॅम आधी घ्यावी की एसएसडी, की आहे त्याच डिस्कवर विंडोज नव्याने टाकून भागेल, आणि विंडोज १० चा आधार संपल्यावर या यंत्रावर खर्च करणे योग्य आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. पुढची विवरणपत्रे ११ डिसेंबरपर्यंत भरायची आहेत, त्याच्या आत यंत्र ठीक व्हावे अशी माझी निकड आहे.

पेचकस_सांगली (२२ नोव्हेंबर २०२५)

ताई, काहीही विकत घेण्यापूर्वी आणि काहीही पुसण्यापूर्वी यंत्र नेमके कशासाठी थांबते आहे ते मोजून घेऊ. लॅपटॉप संथ होण्याची कारणे चार-पाचच असतात, पण बाहेरून ती सगळी सारखीच दिसतात, आणि चुकीच्या कारणावर पैसे घातले तर फरक न पडता पैसे मात्र जातात.

लॅपटॉप सुरू करून पंधरा मिनिटे त्याला हात लावू नका. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स या भागात जा. तिथे सीपीयू किती टक्के आहे, मेमरी किती भरली आहे, आणि डिस्कखाली अॅक्टिव्ह टाइम, अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम व वाचन-लेखनाचा वेग असे तीन आकडे काय दिसतात ते लिहून घ्या. मग टॅली, एक्सेल आणि क्रोम नेहमीसारखे उघडून तेच आकडे पुन्हा लिहा. मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसते. यानंतर क्रिस्टल डिस्क इन्फो हा विनामूल्य प्रोग्राम चालवून हार्ड डिस्कची प्रकृती पाहा. त्यातील ०५ आणि सी५ या क्रमांकांच्या ओळींतले शेवटच्या रकान्यातले आकडे मला हवे आहेत. पहिली ओळ डिस्कने बाद करून बदललेल्या जागा सांगते, तर दुसरी वाचता न आल्यामुळे संशयित ठरलेल्या जागा सांगते.

मी डिस्कवर एवढा भर का देतो ते सांगतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क असेल, कारण स्वस्त गटात तेव्हा तीच घालत. सेकंदाला ९० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला मजकूर डोक्याखाली येण्याची वाट सरासरी अर्धा फेरा पाहावी लागते आणि ते डोके योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद लागतात. सगळे धरून एक तुकडा शोधायला सुमारे १७ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला साठच्या आसपासच तुकडे मिळतात. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला ८० ते १०० एमबी देते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान फाइल विखुरलेल्या जागांवरून हव्या असतात. दप्तरखान्यातला एक रुमाल (कागदांचे कापडी गाठोडे) सोडून त्यातले सगळे कागद वाचणे आणि प्रत्येक कागदासाठी वेगळा रुमाल शोधून, सोडून, पुन्हा बांधून ठेवणे, यांत जेवढा फरक आहे तेवढाच इथे आहे. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसल्यामुळे हाच शोध साधारण एक दशांश मिलिसेकंदात होतो.

रॅमची टंचाई याच दुखण्यात भर घालते. चार जीबी भरली की विंडोज सध्या न लागणारा मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि तुम्ही खिडकी बदलली की तो परत आणते. तुमचा पडदा पांढरा होतो तो बहुधा याच वेळी. त्यामुळे मेमरीचे दुखणेही डिस्कच्याच वेगावर येऊन पडते.

दोन गोष्टी मात्र आजच करा. दोनपैकी एक अँटिव्हायरस काढा, कारण दोघेही प्रत्येक फाइल उघडताना तपासतात आणि ते ओझे त्याच डिस्कवर पडते. खरे तर विंडोजमध्ये असलेला डिफेंडर तुमच्या कामाला पुरेसा आहे आणि बाहेरचा अँटिव्हायरस काढल्यावर तो आपोआप कामाला लागतो. वेग वाढवणारा तो प्रोग्रामही काढून टाका. असे प्रोग्राम रजिस्ट्रीतल्या नोंदी पुसतात, त्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः अशा साधनांच्या वापराला पाठिंबा देत नाही.

हिशेबनीस_कराड (२३ नोव्हेंबर २०२५)

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. दोन्ही प्रोग्राम काढले. आकडे असे आहेत. पंधरा मिनिटांनंतर काहीही उघडलेले नसताना सीपीयू १८ टक्के, मेमरी ३.९ पैकी २.७ जीबी, डिस्क १०० टक्के, रिस्पॉन्स टाइम ४०० ते ९०० मिलिसेकंदांच्या दरम्यान, आणि वेग सेकंदाला जेमतेम १ एमबी. तिन्ही प्रोग्राम उघडल्यावर मेमरी ३.६ जीबीवर गेली, डिस्क १०० टक्क्यांवरच राहिली आणि रिस्पॉन्स टाइम एकदा २,००० च्या वर गेलेला दिसला. दोनपैकी एक स्लॉट वापरात आहे असे लिहिलेले आहे.

क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये पिवळ्या रंगात सावधानतेची सूचना येते. ०५ च्या ओळीत शेवटी १८ आणि सी५ च्या ओळीत शेवटी ३० असे आकडे आहेत. हे फार आहेत का?

पेचकस_सांगली (२३ नोव्हेंबर २०२५)

ताई, हे उत्तर वाचल्यावर लॅपटॉपवर दुसरे कोणतेही काम न करता आधी आपल्या फाइल बाहेर काढा. त्या प्रोग्राममधले हे आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल पद्धतीने) लिहिलेले असतात. त्यामुळे तुमच्या १८ चा अर्थ २४ आणि ३० चा अर्थ ४८ होतो. २४ जागा डिस्कने आधीच बाद केल्या आहेत आणि आणखी ४८ जागा तिला वाचता येत नाहीत. यंत्र संथ वाटते यामागे वय आणि कमी रॅम आहेच, पण प्रत्येक खराब जागेपाशी डिस्क पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत थांबते आणि तेवढा वेळ सारे यंत्र तिच्यासाठी अडून बसते. अशी डिस्क सहा महिने चालेल किंवा उद्या सकाळी बंद पडेल. तुमच्याकडे इतरांचे हिशेब आहेत, म्हणून मी हे इतक्या कळकळीने लिहीत आहे.

फाइल काढताना क्रम पाळा. सर्वांत आधी टॅलीचा डेटा, मग चालू आर्थिक वर्षाच्या एक्सेल फाइल, मग मागील वर्षांच्या, आणि छायाचित्रे वगैरे शेवटी. टॅलीमधून बॅकअप घ्याच, शिवाय तिचे मूळ फोल्डर कुठे आहे ते पाहून तेही जसेच्या तसे बाहेरच्या डिस्कवर उतरवा. एखादी फाइल उतरताना अडकली तर तिच्या मागे लागू नका, ती सोडून पुढे जा. एकाच जागी डिस्कला पुन्हा पुन्हा झटायला लावले तर उरलेले वाचण्याची संधीही जाऊ शकते. याच कारणाने आता डीफ्रॅग, चेकडिस्कची खोल तपासणी किंवा त्याच डिस्कवर फॉरमॅट यांतले काहीही करू नका. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर काढून घ्या. भरलेली विवरणपत्रे पोर्टलवर असतातच, त्यांची चिंता नको. डिजिटल स्वाक्षरीची गुप्त किल्लीही यूएसबी टोकनच्या आतच असते, त्यामुळे नव्या डिस्कवर फक्त टोकनचा ड्रायव्हर टाकावा लागेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. एसएसडी आधी, आणि पैसे उरले तर रॅम. अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी घ्या. ती जुन्या डिस्कच्याच जागी, त्याच जोडणीवर बसते. लॅपटॉपच्या बोर्डावर एम.२ ची, म्हणजे पट्टीच्या आकाराची एसएसडी बसवण्याची, खाच असेलही, पण त्या काळच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये तिला कधी फक्त साटा जोडलेले असते, कधी एनव्हीएमई ही अधिक वेगवान जोडणी, तर कधी खाचेची जागा रिकामीच असते, त्यामुळे मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका पाहिल्याशिवाय त्या प्रकारची एसएसडी घेऊ नये. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५०० ते ५५० एमबीपर्यंत जातो आणि एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे जाते हे खरे असले, तरी पायी चालत जाणाऱ्या माणसाला सायकल मिळाली की मोटार मिळाली हा प्रश्न तुमच्या कामात फारसा उरत नाही, कारण तुमची अडचण शोधाच्या वेळेची आहे आणि ती दोन्हींत सुटते.

तुम्हाला २५० जीबीच्या आसपासची क्षमता पुरेल. नावाजलेल्या कंपनीची, तीन वर्षांची हमी असलेली आणि पक्क्या पावतीची एसएसडी घ्या. अविश्वसनीय स्वस्त दरात १ टीबी किंवा २ टीबी मिळते असे कुठे दिसले तर त्या वाटेला जाऊ नका, कारण आत लहान मेमरी कार्ड घालून वर मोठा आकडा दाखवणाऱ्या बनावट डिस्क बाजारात खूप आहेत. एसएसडी लिहून लिहून झिजते अशी भीती काहीजण घालतात. या क्षमतेच्या स्वस्त एसएसडीवरही उत्पादक साधारण ८० टीबी लेखनाची ग्वाही देतात. रोज २० जीबी लिहिले, आणि तुमच्या कामात तेवढे होणार नाही, तरी ती मर्यादा गाठायला जवळपास अकरा वर्षे लागतील.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवण्याचा मोह टाळा. खराब जागांपाशी ती प्रक्रिया अडते, आणि पूर्ण झाली तरी तुटक्या फाइल घेऊनच विंडोज नव्या घरात येते. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून विंडोज नव्याने टाका. लॅपटॉपसोबत विंडोज आले असेल तर त्याची किल्ली मदरबोर्डवरच नोंदलेली असते आणि तीच आवृत्ती टाकल्यास ते आपोआप सक्रिय होते, निराळे पैसे पडत नाहीत.

उघडण्याचे काम स्वतः करणार असाल तर चार्जर काढून, खालचे स्क्रू सोडून, आतला बॅटरीचा जोड सर्वप्रथम वेगळा करा. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. झाकण उचकटायला लोखंडी पेचकस न घेता जुने प्लास्टिकचे कार्ड घ्या. हार्ड डिस्क बोर्डाला जोडणारी केबलची पट्टी फार पातळ असते, ती ओढताना तुटली तर नवी मिळवताना आठवडा जातो. झाकण उघडलेच आहे तर पंख्यावरची धूळ ब्रशने काढा आणि त्या वेळी पाती बोटाने धरून ठेवा.

रॅमबद्दल थोडे. तुमची एक खाच मोकळी दिसते, पण विकत घेण्यापूर्वी ती डोळ्यांनी पाहा. तुमचा प्रोसेसर डीडीआर४ रॅम २१३३ च्या वेगानेच चालवतो, त्यामुळे २४०० किंवा २६६६ ची घेतली तरी चालेल, पण वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. या वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले आहेत, म्हणून ४ जीबीची वापरलेली पट्टी तपासून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मुंबईला कोणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवर अशा पट्ट्या मिळतात. दोन पट्ट्या झाल्या की ग्राफिक्सलाही फायदा होतो, कारण या प्रोसेसरचे ग्राफिक्स त्याच रॅममधून आपला वाटा घेते.

शेतशिवार_वर्धा (२३ नोव्हेंबर २०२५)

माझ्याकडे असाच लॅपटॉप होता. मी सर्व्हिसेसमध्ये जाऊन सिसमेन आणि विंडोज सर्च या दोन सेवा बंद केल्या, त्यानंतर डिस्कचा वापर १०० वरून ४० टक्क्यांवर आला. एसएसडीवर पैसे घालण्यापूर्वी ताईंनी हा विनाखर्चाचा उपाय करून पाहावा असे मला वाटते.

पेचकस_सांगली (२४ नोव्हेंबर २०२५)

दादा, तुमच्या डिस्कची प्रकृती चांगली असेल तर तो उपाय थोडा आराम देतो, हे मान्य आहे. सिसमेन नेहमी लागणारे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवते. चार जीबीत त्याला ठेवायला जागाच नसल्यामुळे फिरत्या डिस्कवर ते उपकाराऐवजी ओझे होते, म्हणून बंद केल्यावर बरे वाटते. पण शोधसेवा बंद केली की ताईंना शेकडो फाइलांतून एक बीजक शोधायला जास्त वेळ लागेल. शिवाय त्यांची डिस्क मरणपंथाला लागलेली आहे, तिथे सेवा बंद करून टक्के कमी दिसले तरी ४८ खराब जागा तशाच राहणार. एसएसडी बसल्यावर या दोन्ही सेवा चालू ठेवाव्यात, तिथे त्यांचा काहीही त्रास होत नाही.

मुक्तस्रोत_पणजी (२४ नोव्हेंबर २०२५)

विंडोज १० च्या प्रश्नावर कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नियमित आधार संपला, परंतु घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना ठेवली आहे. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती असावी लागते. सेटिंग्जमधील अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्ज साठवण्याला संमती दिली तर शुल्क पडत नाही. तुम्ही बँकेचे आणि कराचे काम करता, त्यामुळे विंडोज नव्याने टाकल्याबरोबर ही नोंदणी करा, उद्यावर टाकू नका.

विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे मिळत नाही. त्याची अट इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आहे आणि तुमचा आय-थ्री सातव्या पिढीचा आहे. आठवी पिढी २०१७ मध्येच आलेली असताना स्वस्त लॅपटॉपमध्ये २०१८ मध्येही सातव्या पिढीचे प्रोसेसर विकले जात होते, आणि घेणाऱ्याला दुकानात फक्त आय-थ्री एवढेच सांगितले जाई. अट चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढच्या सुधारणा मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावर दुसऱ्याच्या कराचे काम चालते अशा यंत्रावर मी ते करणार नाही.

मी स्वतः बारा वर्षे लिनक्स वापरतो आणि जुन्या यंत्रांसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मनापासून सुचवतो. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबीत ती समाधानाने चालते, आणि २२ या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे. इन्स्क्रिप्टने मराठी टंकलेखन तिथे नीट होते. तरीही ताई, तुम्हाला मी आज लिनक्सकडे वळा असे म्हणणार नाही. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, टोकनच्या ड्रायव्हरची खटपट वेगळीच, आणि ११ तारीख जवळ आली आहे. ऑक्टोबर २०२६ नंतर हे यंत्र मुलीच्या अभ्यासासाठी ठेवायचे ठरले तर त्या वेळी लिनक्स टाकून त्याला आणखी काही वर्षे सुरक्षित वापरता येईल. एसएसडी आणि रॅम तेव्हाही उपयोगी पडणार असल्यामुळे आजचा खर्च वाया जात नाही. तोवर कधीतरी पेन ड्राइव्हवरून मिंट नुसते चालवून पाहा, त्यासाठी ते डिस्कवर टाकावे लागत नाही.

नवशिका_जालना (२५ नोव्हेंबर २०२५)

याच धाग्यात विचारतो, क्षमस्व. माझ्या लॅपटॉपमध्ये सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी आहे. त्यातही एसएसडी बसवता येईल का? तो विंडोजची मोठी सुधारणा घेताना जागा नाही असे सांगून थांबतो.

पेचकस_सांगली (२५ नोव्हेंबर २०२५)

तुमच्या प्रकारात रॅम आणि ईएमएमसी (साठवणीची चिप) दोन्ही बहुधा बोर्डालाच डाख दिलेल्या असतात, तशा असतील तर त्या बदलत नाहीत. काही मॉडेलमध्ये एम.२ ची मोकळी खाच असते. ती असेल तर तिथे एसएसडी बसवून विंडोज तिच्यावर टाका, तोच एकमेव खरा उपाय आहे. खाच नसेल तर स्टोरेज सेन्सने जुन्या सुधारणांच्या फाइल काढून किमान २० जीबी मोकळी ठेवा, कागदपत्रे मेमरी कार्डावर हलवा आणि एका वेळी एकच जड प्रोग्राम चालवा. तुमचा प्रोसेसर ताईंच्या आय-थ्रीपेक्षा दुबळा असूनही विंडोज ११ च्या यादीत आहे, त्यामुळे निदान सुधारणांची चिंता तुम्हाला नाही.

हिशेबनीस_कराड (१४ डिसेंबर २०२५)

उशिरा लिहिते आहे, पण पूर्ण वृत्तांत द्यावा असे वाटले. २३ तारखेच्या रात्रीच मी टॅलीचा डेटा आणि चालू वर्षाच्या फाइल भावाच्या बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. २०२० सालच्या तीन एक्सेल फाइल अडकल्या आणि त्या कायमच्या गेल्या. त्यांतील दोन मला ईमेलमध्ये सापडल्या. तिसरी त्या व्यापाऱ्याकडच्या छापील वहीवरून पुन्हा लिहिण्याचे काम चालू आहे. आठवडाभर उशीर केला असता तर काय झाले असते याचा विचार करवत नाही, कारण २९ तारखेला डिस्क बदलण्यापूर्वी शेवटचे काही घ्यावे म्हणून लॅपटॉप सुरू केला, तेव्हा विंडोज वर आलेच नाही.

२४० जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची वापरलेली रॅम, दोन्ही मिळून माझ्या पाच हजारांच्या आत बसले. खाच खरोखरच मोकळी होती. पंख्यापुढच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला होता, तो निघाल्यावर सतत येणारा घरघराट थांबला. आता बटण दाबल्यापासून सव्वीस सेकंदांत काम सुरू करता येते. एक्सेल दोन-तीन सेकंदांत उघडते आणि टॅली व क्रोम एकत्र चालू असताना मेमरी साडेपाच जीबीच्या आसपास असते, याचा अर्थ माझे काम कधीच चार जीबीत मावत नव्हते. विंडोजची नोंदणी मुक्तस्रोत यांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्याच दिवशी केली. ११ तारखेची सर्व विवरणपत्रे मी ९ तारखेलाच भरून मोकळी झाले.

दोन शंका उरल्या आहेत. मुलगी यूट्यूबवर धडे पाहताना १०८० च्या दर्जावर चित्र अधूनमधून अडखळते आणि सीपीयू ९० टक्क्यांवर जातो. आणि जुनी डिस्क भंगारवाला शंभर रुपयांना मागतो आहे, ती द्यावी का?

पेचकस_सांगली (१४ डिसेंबर २०२५)

ताई, वाचून फार समाधान वाटले. यूट्यूब काही चित्रफिती एव्ही१ या पद्धतीने पाठवते आणि ती उलगडण्याची सोय तुमच्या प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये नाही, म्हणून सारा भार सीपीयूवर येतो. एच.२६४ आणि व्हीपी९ मात्र तो सहज उलगडतो. क्रोममध्ये एच२६४इफायसारखा विस्तार टाकला की यूट्यूब जुन्या पद्धतीने चित्र देते. तेही नको असेल तर ७२० चा दर्जा ठेवा, तेवढ्या पडद्यावर फळ्यावरचे अक्षर स्पष्ट दिसते.

डिस्क भंगारात देऊ नका. तिच्यावर तुमच्या व्यापाऱ्यांचे पॅन, बँक खात्यांचे क्रमांक आणि सात वर्षांचे हिशेब आहेत. खराब झालेल्या डिस्कवर सगळीकडे पुन्हा लिहून ती पुसता येईल याचा भरवसा नसतो, कारण बाद केलेल्या जागांपर्यंत आपण पोहोचूच शकत नाही. तिचे झाकण उघडून आतल्या चकत्या फोडणे हाच सुरक्षित मार्ग आहे. अडीच इंची डिस्कच्या चकत्या बहुधा काचेच्या असतात आणि ठिकऱ्या लांब उडतात, म्हणून ती जाड गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून, अंगणात हातोडीने फोडा आणि त्या वेळी मुलीला जवळ उभे राहू देऊ नका. उरलेले ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.